पिवळ्या फडक्याची बरणी

बर्लिनबद्दल मी फारसं लिहिणार नाही. तीन दिवस होते, भिंतीचे उरलेसुरले तुकडे पाहिले, पाय सुजेपर्यंत चालले. पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमाचौकीवर सैनिकी गणवेश चढवलेली तरणी मुलं पैसे घेऊन पर्यटकांबरोबर फोटोला उभी राहत होती. १९६१ साली तिथं अमेरिकन आणि रशियन रणगाडे समोरासमोर ठाकले होते. त्या जागेवर हा बाजार पाहून माझं डोकं इतकं फिरलं की पुतणीला म्हटलं, चल, तुझ्या गावाला जाऊ. सव्वा तासाची गाडी. लाइप्झिग.

पुतणी तिथल्या विद्यापीठात शिकत होती. प्लागवित्स नावाच्या जुन्या गिरणवस्तीत एका बाईंकडे ती खोली घेऊन राहायची. घरमालकीणबाईंनी मला आठवडाभरासाठी मागची खोली दिली, एक पैसा घेतला नाही, वर पलंगावर लोकरीची दोन पांघरुणं ठेवली. २०१७ चा ऑक्टोबर होता, थंडी सुरू झाली होती. ज्या हॉटेलात मी आधी दोन रात्रींचे पैसे भरले होते, तिथल्या काउंटरवरच्या मुलानं दुपारी तीनपर्यंत सामानसुद्धा आत ठेवू दिलं नव्हतं. त्या बाईंनी मात्र दार उघडल्या उघडल्या माझ्या हातातली बॅग घेतली. परदेशात मला लक्षात राहतं ते हेच.

लाइप्झिग बघायचं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, चार साचे चालवायचे, आणि जन्मभर लाल बावट्याचे. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत देवांच्या फोटोंशेजारी लेनिनचा फोटो होता. आई दोघांनाही उदबत्ती ओवाळायची, अण्णा चिडायचे. माझ्या शाळेच्या वह्यांना गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांची कव्हरं असायची. इतर मुलांना वडील रात्री शिवाजी महाराजांची गोष्ट सांगत, आम्हाला महाराजांच्या जोडीला दिमित्रोव्हची पण मिळायची. १९३३ साली बर्लिनची संसद जळाली, नाझींनी आळ कम्युनिस्टांवर घातला आणि जॉर्जी दिमित्रोव्ह या बल्गेरियन कार्यकर्त्याला लाइप्झिगच्या न्यायालयात उभं केलं. नाझी नेता गोअरिंग साक्षीला आला, तर आरोपीनंच त्याची उलटतपासणी घेतली, त्याला भर कोर्टात लालबुंद करून सोडलं. आणि सुटला! "लाइप्झिगला," अण्णा बोट वर करून म्हणायचे, "लाइप्झिगला झालं हे." लेनिनच्या 'इस्क्रा' वृत्तपत्राचा पहिला अंक १९०० साली छापला तोही लाइप्झिगलाच. कार्ल लीबक्नेख्तचा जन्म तिथलाच. अण्णांनी कधी मुंबईच्या पलीकडे साताऱ्याखेरीज गाव पाहिलं नाही, पण हे एक जर्मन गाव त्यांच्या तोंडी गल्लीतल्यासारखं होतं.

१९९१ च्या डिसेंबरात क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरवल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी पेपरची घडी घालून तो उशीखाली ठेवला. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नंतर विचारलं तर एवढंच म्हणाले, "बाहेरून फोडलं." २००४ साली ते गेले. बाहेरून फोडलं की आतून, हे मला त्यांच्यासाठी बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी ते न्यायालय शोधलं. घुमटाची भव्य इमारत, आता तिथे देशाचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय भरतं. पूर्व जर्मनीच्या, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या, काळात तिथे दिमित्रोव्हचं संग्रहालय होतं आणि समोरच्या चौकालाही त्याचंच नाव होतं. संग्रहालय गेलं, चौकाचं नाव बदललं. जवळच्या एका रस्त्याला मात्र अजून त्याचं नाव आहे. त्या पाटीचा मी फोटो काढला. दाखवायला माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुतणी म्हणाली, आत्या, तुला आतून की बाहेरून ते बघायचंय ना, मग 'रुंडे एके'ला चल. रुंडे एके म्हणजे गोल कोपरा. शहराच्या वर्तुळाकार मोठ्या रस्त्यावरची, कोपऱ्याला गोलाई दिलेली एक जुनी दगडी इमारत. इथे श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मन गुप्त पोलिसांचं, लाइप्झिग जिल्ह्याचं मुख्यालय होतं. ४ डिसेंबर १९८९ च्या संध्याकाळी मोर्चातले लोक आत शिरले, कागद जाळणं आणि फाडणं थांबवलं, आणि पुढे त्याच नागरिकांनी तिथे संग्रहालय उभं केलं.

आत गेलं की आधी लागतो तो वास. जुनं लिनोलियम, कोंदट भिंती, तपकिरी रंग. खिडक्यांना सरकत्या जाळ्या. सगळं तसंच ठेवलंय. एखाद्या सरकारी कार्यालयात रेशनकार्डाच्या कामाला गेल्यासारखं वाटतं, आणि तेच अंगावर येतं. पाकिटं वाफेवर उघडायचं यंत्र आहे, ती परत चिकटवायचं वेगळं यंत्र आहे. नकली मिशा, विग. ब्रीफकेसमध्ये बसवलेला कॅमेरा. १ कोटी ६४ लाखांच्या देशात ९१ हजार पगारी माणसं या एका खात्यात होती, म्हणजे साधारण १८० माणसांमागे एक. त्याखेरीज बिनपगारी खबरे दीड लाखाच्या वर: शेजारी, वर्गमित्र, डॉक्टर, काही घरांत नवरे. त्यांनी लिहून ठेवलेल्या आणि मागे राहिलेल्या कागदांची रांग लावली तर ती १११ किलोमीटर भरते. मुंबईतून निघालं तर लोणावळा मागे पडेल, कागद संपायचे नाहीत.

हे सगळं मी वाचत पुढे जात होते. आणि मग त्या बरण्या आल्या.

लोणचं-मुरांबा घालतात तसल्या काचेच्या बरण्या. रबराची चकती, वरून तारेची कडी. आत घडी केलेलं पिवळं फडकं, भांडी पुसायला घेतो तसलं. बरणीवर चिठ्ठी. मला वाटलं, इथल्या लोकांच्या जेवणाचं काहीतरी असेल. पुतणीनं वाचून सांगितलं. हे माणसांचे वास आहेत.

संशयिताला बोलवायचं. चौकशीच्या खुर्चीवर हे फडकं आधीच ठेवलेलं असायचं. त्याला त्यावर दहाएक मिनिटं बसवून ठेवायचं. तो गेला की चिमट्यानं फडकं उचलायचं, बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं. उद्या कुठं पत्रक सापडलं, भिंतीवर घोषणा दिसली, तर प्रशिक्षित कुत्र्याला आधी तो वास द्यायचा आणि मग ही बरणी. जुळला तर माणूस सापडला.

मी तिथून हललेच नाही. मागून एक शाळेची सहल आली, पोरं ढकलत पुढे गेली, पुन्हा शांतता झाली, तरी मी तिथेच. वासाचं मला कळतं. अण्णा तिसऱ्या पाळीवरून पहाटे घरी यायचे तेव्हा आम्ही भावंडं झोपेतच ओळखायचो. साच्याच्या तेलाचा, कापसाच्या तुसाचा आणि वाळलेल्या घामाचा मिळून तो एक वास होता. आई सदरा कितीही घासायची, तो जायचा नाही. अण्णांना त्याची लाज नव्हती. "हा कामाचा वास आहे," म्हणायचे. त्या बरण्यांमधले वास कुणाचे असतील? याच गावात कापडगिरण्या होत्या, ओतकामाचे कारखाने होते, लोक तिथेच कामाला जायचे. कामगारांच्या नावानं आलेल्या सरकारनं कामगाराच्या अंगाचा वास चोरून काचेत भरला आणि त्यावर नंबर टाकला.

अण्णांच्या गोष्टींत पाळत ठेवणारे नेहमी दुसरे असायचे. इंग्रजांची सीआयडी, मालकांची माणसं, मेरठ खटल्यात कॉम्रेड डांग्यांवर कागद जमवणारे साहेब. आपल्या बाजूचे लोक पाळत ठेवत नाहीत, आपल्या बाजूला तशी गरजच पडत नाही, हे त्यांनी आम्हाला इतकं सहज शिकवलं होतं की मी पन्नाशी उलटेपर्यंत ते तपासून पाहिलं नव्हतं. त्या काचेसमोर मला अण्णांची दया आली आणि त्यांचा रागही आला. त्यांना ठाऊक नसेल, हे मी मानते. पण त्यांच्या वरच्या कुणाला तरी ठाऊक असणार.

पुतणी खांद्याला हात लावून म्हणाली, "आत्या, असल्याच बरण्या आपल्या घरमालकीणबाईंच्या फडताळात आहेत. प्लमचा जाम असतो त्यात."

त्या रात्री स्वयंपाकघरात बाईंनी बटाट्याचं सूप केलं होतं. मी दिवसभराचं सांगितलं, पुतणी दोन्हीकडचं भाषांतर करत होती. माझे वडील गिरणीत होते हे ऐकल्यावर बाईंनी चमचा खाली ठेवला. "कोणत्या खात्यात?" म्हणाल्या. साचेखात्यात म्हटल्यावर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हसल्या. त्या स्वतः सोळाव्या वर्षापासून कताईत. त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवरची लाइप्झिगची सूतगिरणी, १८८४ ची, एके काळी युरोप खंडात सर्वांत मोठी, अडीच लाखांच्या आसपास चात्या. रिंगफ्रेमवर तीन पाळ्या. मी त्यांना भोंग्याबद्दल सांगितलं, त्यांनी मला केसांत अडकणाऱ्या तुसाबद्दल. पुतणीला मधल्या कितीतरी शब्दांचं भाषांतर करावं लागलं नाही, हातांनीच झालं.

मग त्या ९ ऑक्टोबर १९८९ बद्दल बोलल्या. बरोबर अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या दिवशी होत होती, आणि योगायोगानं तेव्हाही सोमवार होता.

त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. घोषणा आणि झेंडे त्यांच्या बोलण्यात शेवटी आले. आधी आली ती हवा. आजूबाजूला तपकिरी कोळशाच्या खाणी, शहराच्या दक्षिणेला एस्पेनहाइनचे कारखाने, वाळत घातलेली चादर संध्याकाळी करडी. प्लाइसे नदीला इतका घाण वास यायचा की गावातून जाणारा तिचा प्रवाह नळांत घालून वरून बुजवून टाकला होता. घरांची छपरं गळायची आणि दुरुस्तीला माणूस मिळत नसे, म्हणून लोक वरचा मजला सोडून खाली राहायला यायचे. १९७७ साली कॉफी महागली तेव्हा सरकारनं निम्मी कॉफी आणि निम्मं भाजलेलं धान्यबिन्य अशी भेसळ दुकानांत आणली. सॅक्सनीची, म्हणजे लाइप्झिगच्या प्रांताची, माणसं कॉफीवर जगतात. बाई म्हणाल्या, "त्यांनी माझ्या आईच्या कपात हात घातला, ते तिनं कधी विसरलं नाही." मग १९८९ च्या मे महिन्यातल्या निवडणुका. सरकारनं जाहीर केलं, आमच्या यादीला ९८.८५ टक्के मतं. यावेळी लोकांनी मतमोजणीला उभं राहून आकडे टिपले होते. खोटं ठरलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उन्हाळ्यात हंगेरीनं सीमा उघडली आणि जवान पोरं त्या वाटेनं पळू लागली. बाईंच्या खात्यातल्या सहा जणी सुट्टीवरून परतल्याच नाहीत. त्यांच्या फ्रेम्स उरलेल्यांनी चालवल्या.

निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेची प्रार्थना होत असे. आधी मूठभर लोक. १९८९ च्या सप्टेंबरात तिथून बाहेर पडणाऱ्यांना पोलीस धरून नेऊ लागले, तर गावातल्या बायका चर्चच्या खिडक्यांच्या जाळ्यांत फुलं खोचू लागल्या. बाईंनीही एकदा दोन डेलिया खोचल्या होत्या. २ ऑक्टोबरला लोक हजारोंनी आले. ६ तारखेला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात एका कामगार-पथकाच्या कमांडरचं पत्र छापून आलं: प्रतिक्रांती थांबवायला आम्ही तयार आहोत, गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन. ही पथकं कारखान्याकारखान्यांतली, कामगारांचीच. नावच 'कामगारवर्गाची लढाऊ पथकं'. जूनमध्ये बीजिंगमध्ये निदर्शकांवर सैन्य घातलं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि पूर्व जर्मनीच्या संसदेनं त्याला पाठिंबा दिला होता हेही.

बाईंचा थोरला भाऊ त्याच गिरणीत मेकॅनिक होता. आणि तो पथकात होता.

९ तारखेला सकाळपासून गावात कुजबुज. पाळणाघरांतून मुलं तीनच्या आत न्या म्हणे. रुग्णालयांत रक्ताच्या बाटल्या वाढवल्यात म्हणे. बाईंचा मुलगा सहा वर्षांचा, त्याला आईकडे सोडून त्या निघाल्या. भाऊ कुठल्या ट्रकमध्ये आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. चर्च दुपारीच भरलं होतं, कारण पक्षानं आपली सहाएकशे माणसं आधीच बाकांवर नेऊन बसवली होती. पाद्री क्रिस्टियान फ्यूरर यांनी वरचे सज्जे मात्र बंद ठेवले. कामगार चारनंतरच सुटतो, त्याला जागा नको का, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून मी बाईंना थांबवलं आणि पुतणीला पुन्हा विचारलं, नक्की असंच म्हणाले? नक्की. कामगाराची पाळी कधी सुटते, हे त्या दिवशी कामगारांच्या पक्षाला सुचलं नाही, एका पाद्र्याला सुचलं. अण्णा, ऐकताय का?

बाई बाहेर, तेव्हाच्या कार्ल मार्क्स चौकात उभ्या होत्या. कर्ण्यांवरून कुर्ट माझूरचा आवाज आला. माझूर म्हणजे गेवांडहाउस वाद्यवृंदाचे प्रमुख, गावातला सगळ्यात मोठा माणूस. त्यांनी आणि आणखी पाच जणांनी मिळून निवेदन काढलं होतं: शांत राहा, संवाद शक्य होऊ द्या. त्या पाचांत पक्षाचे तीन जिल्हा सचिवही होते, वरून हुकूम नसताना सही करणारे. मग लोक चालायला लागले. सत्तर हजार. स्टेशनावरून, गावाभोवतीच्या गोल रस्त्यानं. आठेक हजार हत्यारी माणसं समोर. "आम्हीच जनता," एवढीच घोषणा, आणि "हिंसा नको." एका चर्चच्या मनोऱ्यावर कबुतरांच्या घाणीत आडवे पडून सीगबर्ट शेफके आणि आराम राडोम्स्की चित्रण करत होते. ती फीत चोरून पश्चिमेला गेली आणि दुसऱ्या रात्री सगळ्या देशानं ती तिकडच्या टीव्हीवर पाहिली.

गोल कोपऱ्यापाशी सगळ्यांना भीती वाटत होती. तिथे एक दगड पडला असता तर गोळी सुटली असती. खिडक्या अंधाऱ्या. पुढचे लोक हातात हात घालून पायऱ्यांसमोर उभे राहिले, बाकीच्यांनी पायऱ्यांवर मेणबत्त्या ठेवल्या. फ्यूरर नंतर नेहमी सांगत, मेणबत्ती धरायला दोन हात लागतात, एक धरायला आणि एक वाऱ्याला आड. दगडाला हात उरत नाही. बाईंनी ते मला हातानं करून दाखवलं, सूपच्या वाडग्यावर.

जिल्ह्याचे हंगामी पक्षप्रमुख हेल्मुट हाकेनबेर्ग बर्लिनला फोन करत होते. तिथून वेळेत उत्तर आलं नाही. साडेसहाच्या सुमाराला त्यांनीच माणसं मागे घ्यायला सांगितली. बर्लिनचा होकार पोचला तेव्हा मोर्चा गोल पुरा करत आला होता. नऊ दिवसांनी पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर पायउतार झाले, महिन्याभरानं भिंत उघडली. भिंत सगळ्या जगानं पाहिली. पण ती पडली लाइप्झिगला, असं बाईंचं मत आहे, आणि आता माझंही. बाहेरून कुणी फोडली नाही. वर बसलेल्यांना काय करायचं ते सुचलं नाही आणि खाली उभ्या असलेल्यांना आपल्याच माणसांवर चालून जावंसं वाटलं नाही. त्या दिवशी पथकांतले कितीतरी जण कामावर हजर झालेच नाहीत.

"आणि तुमचे भाऊ?" मी विचारलं.

बाई उठल्या, कॉफी केली, कप आणून ठेवले. "तो त्या रात्री साडेअकराला घरी आला. आईनं त्याला जेवायला वाढलं. मी काही विचारलं नाही, त्यानंही नाही."

१९९२ पासून इथे कुणीही अर्ज करून आपली श्टाझी फाइल वाचू शकतं. बाईंचीही फाइल असेल. त्यांनी अर्ज केलेला नाही. मी कारण विचारलं. ते विचारायला नको होतं. पुतणी भाषांतर करताना अडखळली. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाताळला आम्ही एका टेबलावर जेवतो. ते मला तसंच हवंय."

गिरणीचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही, मला दिसतच होतं. एकीकरण झालं, सरकारी कारखाने विकायला काढले, दोन-तीन वर्षांत कताई थांबली. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, गॅलऱ्या आहेत, लोक लांबून बघायला येतात. बाई चाळिशीत बेकार झाल्या, मग एका रुग्णालयात साफसफाईला लागल्या. शहरातून नव्वद हजार माणसं उठून गेली. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आले, त्यांच्याकडे चित्रं आली. कामगाराला दोन्हीकडे दारात पास विचारतात. बाईंना पूर्वीचं राज्य परत नकोय, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पण त्या गिरणीच्या आवारात त्या अजूनही जात नाहीत. आणि गेल्या दोन-चार वर्षांत परक्यांना हाकला म्हणणारे मोर्चे याच रस्त्यांवरून "आम्हीच जनता" ओरडत गेले, याचा त्यांना गिरणी बंद पडण्यापेक्षा जास्त राग आहे. "ते आमचं वाक्य होतं," म्हणाल्या. दोन आठवड्यांपूर्वीच्या निवडणुकीत त्यांच्याच सॅक्सनीत त्या विचाराचा पक्ष पहिला आला होता.

सोमवारी चर्चला गेले. दीड तास रांगेत. आतले खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फुटतात, पांढरे, फिकट हिरवे. असं देऊळ मी कुठे पाहिलं नाही. जागा मिळाली ती नेमकी खांबामागे, बोलणारे दिसले नाहीत, पण ऑर्गन छातीत वाजत होता. बाखचं 'योहान पॅशन' पहिल्यांदा सादर झालं ते याच चर्चमध्ये, १७२४ साली.

रात्री आउगुस्टुस चौकात प्रकाशोत्सव. दरवर्षी ९ ऑक्टोबरला लोक मेणबत्त्यांनी '८९' हा आकडा मांडतात. मला तो आवडला नाही, स्पष्ट लिहिते. मोठे पडदे, भाषणं, कर्णकर्कश वाद्यं, सॉसेजच्या गाड्या, गर्दीत कुणाचं कोपर माझ्या बरगडीत. एवढ्या शांतपणे झालेल्या गोष्टीचा उत्सव इतक्या आवाजात का करावा? मी माझी मेणबत्ती आकड्यात ठेवलीच नाही. पुतणीला घेऊन चालत गोल कोपऱ्यापर्यंत गेले. पायऱ्यांवर कुणीतरी आधीच दहा-बारा लावून गेलं होतं. वाऱ्यानं माझी दोनदा विझली. खरंच दोन हात लागतात.

मंगळवारी सकाळी बाईंचा भाऊ नळ दुरुस्त करायला आला. सत्तरीचा उंच माणूस, हातात पत्र्याची हत्यारपेटी. मी गिरणीवाल्याची मुलगी हे कळल्यावर त्यानं हात पुसून पुढे केला. "तुमचे वडील किती साचे चालवायचे?" चार म्हटल्यावर मान हलवली, डाव्या कानाकडे बोट दाखवून काही म्हणाला. पुतणीनं सांगितलं, तो विचारतोय त्यांचा कुठला कान गेला होता. डावाच, मी म्हटलं. तो मोठ्यांदा हसला. बहिरा माणूस हसतो तसा, सगळ्या घरभर.

अर्धा तास तो ओट्याखाली आडवा पडून काम करत होता आणि बाई त्याच्याशी ओरडून बोलत होत्या, हवेबद्दल, नातवंडांबद्दल. मी काही विचारलं नाही. निघताना बाईंनी फडताळ उघडलं, रबराच्या चकतीची एक बरणी काढली, प्लमचा जाम गळ्यापर्यंत भरलेली. ती त्याच्या पेटीत हत्यारांच्या वर ठेवली आणि दारापर्यंत त्याच्या मागे जात काहीतरी बजावलं.

"काय म्हणाल्या?" मी पुतणीला विचारलं.

"मागची बरणी अजून आली नाही म्हणाल्या. रिकामी झाली की परत आण."